दोघांचा लांबचा परदेश प्रवास आणि ट्रेकिंग, कमी खर्चात : अनुभव, हिशोब, शंका

मानपाड्याची_पायवाट (ठाणे)

परत आल्यापासून ओळखीचे-बिनओळखीचे सगळे पहिला प्रश्न पैशांचाच विचारतात, आणि तो रास्त आहे. मी आणि नवरा, दोघांनी बिनपगारी रजा घेऊन किर्गिझस्तान, जॉर्जिया आणि नेपाळ असा लांबचा प्रवास केला. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे धागा काढते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लांबच्या प्रवासात पैसा घाईत जातो, आणि उंच डोंगरात जीवही घाईनेच धोक्यात येतो. हळू गेलात तर दोन्ही वाचतं. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हे खर्च ठरलेले. आठ दिवसांची सहल केली तर त्यांचा सगळा बोजा आठ दिवसांवर पडतो, तीन महिने राहिलात तर तीन महिन्यांवर. एकाच गावात आठवडाभर राहिलं की खोलीचं भाडं घासाघीस न करताही उतरतं, भाजीबाजार कळतो, टॅक्सीऐवजी कोणती व्हॅन कुठून सुटते ते समजतं. किर्गिझस्तानात आणि जॉर्जियात अशा व्हॅनला मार्श्रुत्का म्हणतात. भरली की सुटते. वेळापत्रकाच्या मागे धावणाऱ्याला ती परवडत नाही, ज्याच्याकडे वेळ आहे त्याला तिच्यासारखं स्वस्त काही नाही.

मार्ग आम्ही हवामान बघून आखला. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत आणि नेपाळमध्ये धो धो पाऊस असतो, तेव्हा मध्य आशियातल्या डोंगरांत ट्रेकचा ऐन हंगाम. म्हणून आधी किर्गिझस्तान, सप्टेंबरमध्ये जॉर्जिया, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेपाळ. कझाकस्तानात भारतीय पासपोर्टवर 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, म्हणून अल्माटीला उतरून रस्त्याने बिश्केकला गेलो. किर्गिझस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या काढला होता. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही. हे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघाच.

किर्गिझस्तानातल्या काराकोल गावाहून आला-कुल सरोवराचा ट्रेक केला. खिंड साधारण 3900 मीटरवर आहे. चढ दमवतो, पण खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर. नुसता घसारा. पाय टाकला की दगडांसकट दोन हात खाली. आजूबाजूचे काही जण बसून उतरत होते. आम्हाला मात्र तिथे सह्याद्रीच कामी आला. उन्हाळ्यात नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, उतरताना टाच रोवून, गुडघा किंचित वाकवून, दोघांमध्ये अंतर ठेवून आणि एकाच्या बरोब्बर खाली दुसऱ्याने न थांबता उतरायची जी सवय लागते, तीच वापरली. खाली अल्तीन आराशानला गरम पाण्याचे झरे आहेत. त्यात पाय सोडून बसलो ते अंधार पडेपर्यंत.

जॉर्जियातल्या स्वानेतीबद्दल खालच्या प्रतिसादांत सविस्तर लिहीन. विचारा काय विचारायचंय ते.

खारघरकर

झकास! वाचनखूण साठवली. आम्ही दोघंही पस्तिशीत, मूल नाही, घराचा हप्ता चालू आहे. अडतंय तिथेच. परदेशात महिन्याला किती लागतील हे कळतं, पण इथला हप्ता कोण भरणार? तुम्ही घराचं काय केलंत?

मानपाड्याची_पायवाट

खारघरकर, घर भाड्याने दिलं. आमचाही हप्ता चालूच होता. भाड्यातून पूर्ण निघत नव्हता, उरलेली रक्कम निघण्याआधीच वेगळी काढून त्या खात्यात टाकली आणि त्या खात्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. प्रवासाचे पैसे वेगळे, घराचे वेगळे, आणि परत आल्यावरचे निदान चार-सहा महिने निघतील इतके तिसऱ्या जागी. ही तिसरी रक्कम साठेपर्यंत आम्ही तिकीट काढलं नाही. त्यासाठी बेत लांबला तरी चालेल, असं दोघांचं आधीच ठरलं होतं.

सामान सासरी हलवलं. मोठं कपाट आणि पलंग भाडेकरूंनाच वापरायला दिले.

हिशोबनीस (घोडबंदर रोड)

घर भाड्याने देण्याबद्दल थोडी भर घालतो, आमच्या सोसायटीचं काम बघतो म्हणून. लिव्ह अँड लायसन्सचा करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' असं सांगणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. ऑनलाइन नोंदणी होते, आधार आणि अंगठा लागतो, म्हणून हे निघण्याआधी उरकायचं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणंही तेव्हाच उरका.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. 2001 सालचा शासनाचा आदेश आहे. आणि परदेशी असताना गळती, प्लंबर, सोसायटीची नोटीस यासाठी इथे एक विश्वासू माणूस नेमून जा, लेखी अधिकारपत्र देऊन.

दुसरं, नोकरी सोडणार असाल तर कंपनीचा आरोग्यविमा त्याच दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी आधीपासून चालू ठेवा. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, परत येऊन काढू म्हटलं तर मध्ये उघडे पडाल.

स्पष्टवक्ता_वाशी

रागवू नका, पण मला हे पटत नाही. आईवडील थकत चाललेत, हप्ते चालू आहेत, आणि चांगली नोकरी बाजूला ठेवून महिनोन्‌महिने डोंगरात? फिरायचं तर दरवर्षी पंधरा दिवस रजा काढून फिरावं. एवढ्या मोठ्या खंडानंतर नोकरीत मागे पडतो माणूस.

मानपाड्याची_पायवाट

रागवण्यासारखं काही नाही, आमच्या घरातही हेच बोलणं झालं. नोकरीत मागे पडलो हे खरंच आहे. माझ्यासोबतचे दोघे बढतीत पुढे गेले. ती किंमत आहे आणि ती मोजूनच निघालो. ज्यांच्या घरी आजारपण आहे किंवा लहान मूल आहे, त्यांना मी हा सल्ला देणार नाही. सासूबाई-सासऱ्यांची तब्येत आज ठणठणीत आहे, माझी आई स्वतःची भाजी स्वतः आणते. पाच वर्षांनी तसं असेलच असं नाही, म्हणून आत्ता गेलो.

पंधरा दिवसांच्या रजेत मात्र उंचीवरचे ट्रेक करताना मला भीती वाटते. कारण तेच, घाई. नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किट या ट्रेकचं उदाहरण घ्या. आता मनांगपर्यंत जीपचा रस्ता झालाय. सुरुवातीचं बेसीसहर आठशे मीटरच्याही खाली, मनांग साडेतीन हजारांवर. रजा कमी आहे म्हणून जीपने थेट वर गेलेले लोक दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसलेले आम्ही बघितलेत. पुढे थोरोंग ला ही खिंड 5416 मीटर. आपलं कळसूबाई 1646. पाय कितीही तयार असले तरी शरीराला त्या हवेची ओळख व्हायला दिवसच लागतात, तिथे तंदुरुस्तीची मात्रा चालत नाही.

डोंगरवेडा_ऐरोली

+१. हेच लिहायला आलो होतो. सह्याद्रीतले अलंग-मदन-कुलंगसारखे अवघड किल्ले करणारे कसलेले ट्रेकर वर जाऊन आडवे होतात आणि कधी डोंगर न चढलेला माणूस निवांत असतो. उंचीला तुमचा अनुभव ठाऊक नसतो.

डॉ_पारसिक (कळवा)

डॉक्टर आहे आणि स्वतः ट्रेक करते, म्हणून थोडं लिहिते. ही सर्वसाधारण माहिती आहे, औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हा नियम जगभर मानला जातो. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपायला आलात तर उत्तम. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, कमालीचा थकवा ही पहिली लक्षणं. ती असताना वर जायचं नाही. थांबूनही वाढत असतील तर खाली.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या. एक, माणूस सरळ रेषेत टाच-चवडा जोडून चालू शकत नाही, तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं : मेंदूला सूज. दोन, बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर : फुप्फुसात पाणी. यात सकाळची वाट बघायची नाही, रात्री असली तरी सोबत घेऊन खाली उतरवायचं. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपण डायमॉक्स म्हणतो ती गोळी, सवय व्हायला मदत करते, पण ती घेतली म्हणून वेगाने चढायचा परवाना मिळत नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर थंड बोटांवर चुकीचे आकडे दाखवतं, त्यापेक्षा जोडीदाराच्या चेहऱ्याकडे आणि चालीकडे लक्ष ठेवा.

मनांगला आणि एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची केंद्रं हंगामात चालू असतात. तिथे उंचीच्या आजारावर डॉक्टर रोज माहिती देतात, ती जरूर ऐका.

मानपाड्याची_पायवाट

डॉक्टर, मनापासून आभार. मनांगचं ते व्याख्यान आम्ही ऐकलं. दुसऱ्याच दिवशी मनांगच्या वरच्या याक खर्कात नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं. रात्री जेवला नाही. डाळभाताच्या ताटाला त्याने हात लावला नाही, यापेक्षा स्पष्ट लक्षण मला नको होतं! सकाळी मनांगला परत उतरलो, दोन दिवस थांबलो आणि मग पुन्हा निघालो. रजा मोजून आलेले आमच्या सोबतचे चौघे पुढे गेले, आमच्याकडे दिवस होते म्हणून परतणं सोपं गेलं.

जोडीने जाणाऱ्यांना एवढंच सांगते. दोघांपैकी एक जण 'खाली जाऊ' म्हणाला की दोघं उतरतात, त्यावर चर्चा नाही, नंतर टोमणा नाही, आणि परत आल्यावर चारचौघांत 'हिच्यामुळे राहिलं', 'याच्यामुळे राहिलं' हेही नाही. आम्ही हे निघण्याआधी घरी बसून ठरवलं. वर हवा विरळ असताना, थंडीत, दमलेल्या अवस्थेत हे ठरवता येत नाही. आणि जो हळू चालतो तो पुढे. मागचा त्याच्या चालीने चालतो.

कोपरीची_आई

माझी मुलगी आणि जावई असेच जायचं म्हणतायत. मला त्यांना अडवायचं नाहीये हो. पण फोन लागला नाही की माझा जीव टांगणीला लागतो. तुमच्या घरच्यांनी कसं निभावलं?

मानपाड्याची_पायवाट

काकू, माझ्या आईचंही अगदी हेच होतं. आम्ही प्रत्येक ट्रेकच्या आधी तिला लिहून द्यायचो : कोणत्या गावातून निघतोय, मुक्काम कुठे कुठे, फोन कुठपर्यंत लागेल, आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ती शेवटची तारीख महत्त्वाची. त्याच्या आधी फोन आला नाही तरी सगळं ठीक आहे असं धरायचं. आई ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायची आणि बेतापेक्षा दोन दिवस पुढची तारीख आम्ही मुद्दाम द्यायचो, म्हणजे पावसाने अडकलो तरी तिच्या मनाला घोर नाही.

पासपोर्टच्या, विम्याच्या प्रती आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर मुलीकडून घेऊन ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे, परदेशात कोणी अडचणीत आलं तर घरच्यांना त्यावर तक्रार नोंदवता येते. गरज पडणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

कोपरीची_आई

शेवटच्या तारखेची कल्पना फार आवडली. आजच सांगते तिला. देव तुमचं भलं करो.

सायंतारा

मी शाकाहारी, अंडंही खात नाही. किर्गिझस्तान, जॉर्जियात माझं काय होईल? आणि ते स्वानेतीचं राहिलं की लिहायचं!

मानपाड्याची_पायवाट

सायंतारा, दोन्हीचं उत्तर एकत्रच देते, कारण स्वानेतीत पोट फार छान भरलं.

किर्गिझस्तान कठीण आहे हे प्रांजळपणे सांगते. मांस तिथे मुख्य अन्न. गोल पाव, जॅम, साय, टोमॅटो-काकडी, बटाटे यावर दिवस काढावे लागतात. मी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी नेली होती. होमस्टेतल्या बाईंना विचारलं की चूल वापरू देतात. तिथे गावोगावच्या घरांना जोडणारी कम्युनिटी बेस्ड टुरिझमची व्यवस्था आहे, सीबीटी म्हणतात, त्यातून घरगुती मुक्काम मिळतो आणि 'मांस नको' हे आधी कळवता येतं. गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, तिथेच घ्यायची.

जॉर्जियात मात्र चंगळ. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, चीज भरलेली खाचापुरी, अक्रोड वाटून केलेली पालक-बीटाची प्खाली. मेस्तिया ते उशगुली हा चार दिवसांचा ट्रेक आहे, मधल्या झाबेशी, आदिशी, इप्रारी या गावांत घरातच मुक्काम. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी त्याच भाड्यात, तंबू वाहायची गरज नाही. कमी खर्चात ट्रेक करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं मी पाहिलं नाही. गावागावांत मध्ययुगातले चौकोनी दगडी बुरूज उभे आहेत, एकेका घराचा एकेक. वरचा स्वानेती भाग 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आदिशीत आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या आजी संध्याकाळी पडवीत बसून मीठ कुटत होत्या. स्वानेतीचं मीठ त्या भागात प्रसिद्ध आहे. लसूण, धणे, लाल मिरची, त्यांच्याकडची निळ्या फुलांची मेथी, वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या, असं एकेक घालत लाकडी उखळात कुटायचं. वास आला तो थेट आमच्या घरच्या लसणाच्या चटणीसारखा. मी हात पुढे केला तर त्यांनी बत्ता माझ्या हातात दिला आणि स्वतः लसूण सोलायला बसल्या. एकमेकींचा शब्द कळत नव्हता. माझं कुटणं जाडंभरडं होतंय हे मात्र त्यांनी चिमूट बोटांत चोळून दाखवलं, आणि पुन्हा कुटायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आदिशीची नदी ओलांडायची असते. वरच्या हिमनदीचं वितळलेलं पाणी, दुपारी ऊन चढलं की जोर वाढतो. म्हणून पहाटे निघायचं. काठावर गावातले लोक घोडे घेऊन उभे असतात, पैसे घेऊन पलीकडे सोडतात. हे पैसे वाचवायच्या फंदात पडू नका. शेवटी उशगुलीला पोचलो की समोर श्खारा, 5193 मीटर, जॉर्जियातलं सर्वांत उंच शिखर.

रेतीबंदर

वा, काय सुंदर लिहिलंय! आम्ही युरोपात स्पेनची कमिनोची पदयात्रा केली आहे. तिच्या वाटांपैकी फ्रेंच मार्ग सुमारे 780 किलोमीटर आहे, पण शेवटचे 100 किलोमीटर पायी चाललात तरी सांतियागोला प्रमाणपत्र मिळतं. वाटेवर आल्बेर्गे नावाच्या यात्रेकरूंच्या धर्मशाळा आहेत, सामायिक खोलीत बंक, म्हणून युरोप असूनही परवडतं. अडचण शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाची : कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच, आणि व्हिसावर त्याहून कमी दिवस दिले असतील तर तेवढेच. लांबच्या प्रवासात युरोप मध्येच बसवायचा असेल तर व्हिसा भारतातूनच काढून निघावं लागतं, हे लक्षात ठेवा.

डोंगरवेडा_ऐरोली

एक शंका. नेपाळने 2023 पासून परदेशी ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केलाय ना? मग कमी खर्चात कसं जमलं?

मानपाड्याची_पायवाट

हो, एप्रिल 2023 पासून तसा नियम आहे. काही ठिकाणी अंमलबजावणी ढिली आहे असं ऐकू येतं, पण आम्ही गाईड घेतला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. त्या रात्री याक खर्कातून खाली जायचं ठरलं तेव्हा 'सकाळी सहाला निघू, मी सॅक घेतो' एवढंच तो म्हणाला. पुढे पाठवायचा आग्रह त्याने एका शब्दानेही केला नाही. काठमांडू-पोखऱ्यात नोंदणीकृत संस्थेकडूनच घ्या, त्याचा विमा आहे का ते विचारा, त्याच्याकडे थंडीचे कपडे आणि बूट आहेत का ते निघण्याआधी डोळ्यांनी बघा. स्वस्तात जायचं म्हणजे गरीब माणसाच्या मजुरीत काटछाट करायची, हे मला मान्य नाही. खोलीत, खाण्यात, गाडीत वाचवा.

परवान्यात आपल्याला सवलत आहे. अन्नपूर्णेचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना 1000 नेपाळी रुपये, इतर परदेशींना 3000. आपले 100 रुपये म्हणजे नेपाळी 160, तेव्हा आपल्या पैशात 625 झाले.

विम्याचं मात्र बारीक अक्षरात वाचा. कित्येक प्रवास विम्यांत ठरावीक उंचीच्या वरचं ट्रेकिंग बसतच नाही. 'अॅडव्हेंचर कव्हर आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका, किती मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टर धरून की सोडून, हे लेखी मागा. आणखी एक : परदेशात कार्ड फिरवताना मशीन विचारतं, रुपयांत की स्थानिक चलनात? नेहमी स्थानिक चलन. रुपये निवडलेत की दर त्यांचा लागतो आणि तो महाग असतो. इथलं सिम रिचार्ज करून चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार.

खारघरकर

सगळं टिपून घेतलंय. तयारी काय केली शरीराची? आणि एकदम इतकं लांब जायची हिंमत नाही, दोघांनी पहिला कोणता ट्रेक करावा?

मानपाड्याची_पायवाट

तयारी साधी. आठवड्यातून तीनदा इमारतीचे जिने, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. वर गेल्यावर ते पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घालायचं आणि रिकामी सॅक घेऊन उतरायचं, म्हणजे गुडघ्यांवर भार येत नाही. रविवारी माहुली नाहीतर गोरखगड. तुम्हाला तर खारघरची टेकडी दाराशीच आहे. सलग दोन दिवस चालून बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते खरं.

पहिल्यासाठी मी नेपाळमधलं लांगटांग सांगेन. काठमांडूहून बसने स्याब्रुबेसी, तिथून चालत. क्यांजिन गोम्पा 3900 मीटरच्या आसपास, म्हणजे उंचीचा अनुभव येतो, पण खिंड ओलांडायची नसल्यामुळे बरं वाटेनासं झालं तर आल्या वाटेने खाली येता येतं. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात डोंगराचा कडा आणि बर्फ कोसळून लांगटांग गाव गाडलं गेलं. लोकांनी ते शेजारी पुन्हा उभं केलंय. तिथल्या घरांत राहिलात, जेवलात, तर तुमचे पैसे थेट त्यांच्या हातात जातात. दोन-तीन दिवसांत उरकायची घाई नको, क्यांजिनला एक दिवस जास्तीचा ठेवा.

ऑक्टोबरात जाणार असाल तर दशैंच्या, म्हणजे नेपाळमधल्या दसऱ्याच्या, तारखा आधी बघा. त्या दिवसांत सगळं काठमांडू गावी निघतं, बसची तिकिटं मिळत नाहीत. दशैंच्या आधी तरी स्याब्रुबेसी गाठा, नाहीतर सण उलटल्यावर निघा.